पौर्णिमेला माणसाचा लांडगा होतो ही हॉलिवूडची गोष्ट, पण नळदुर्गच्या पुनवेला वाघ्या देवाचा कुत्रा का होतो?

एक रॉकस्टार. सोबत त्याचे साथीदार, कॅमेरा आणि गाड्या. सगळे निघालेत त्याच्या लहानपणीच्या जुन्या वाड्यात नव्या गाण्याचा व्हिडिओ शूट करायला. वाटेत पोलीस अडवतात आणि सांगतात, इकडं रानटी कुत्र्यांनी माणसं मारलीत, जपून जा. रॉकस्टार ऐकत नाही. मग रात्र होते, धुकं पडतं, भुंकणं सुरू होतं आणि एकेक माणूस कमी व्हायला लागतो.

हा 'मॉन्स्टर डॉग' नावाचा सिनेमा. साल 1984. हिरो खराखुरा रॉकस्टार, अॅलिस कूपर. डोळ्यांभोवती काळा रंग फासून, गळ्यात साप घालून स्टेजवर येणारा हाच तो माणूस. दिग्दर्शक इटलीचा क्लाउदिओ फ्रागासो, शूटिंग स्पेनमध्ये माद्रिदजवळ आणि बजेट अगदी तुटपुंजं. कूपर तेव्हा दारूच्या व्यसनातून नुकताच बाहेर पडला होता. त्याच्या हातात सिनेमा आला, त्याने केला, पण पडद्यावर आवाजसुद्धा त्याचा राहिला नाही. संवाद दुसऱ्याच माणसाच्या आवाजात डब झाले. गाणी तेवढी त्याच्या स्वतःच्या आवाजात आहेत.

सिनेमा यथातथाच. पण त्याची जुळणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. गाणारी मंडळी, रात्र, कुत्र्यांचं भुंकणं आणि माणसाचा जनावर होणं.

आता हीच जुळणी घेऊन धाराशिव जिल्ह्यात या. तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग आहे. तिथं पौष पौर्णिमेला खंडोबाची मोठी यात्रा भरते. पुनवेची रात्र असते, रात्रभर गाणारी मंडळी असतात आणि त्यांच्यात स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवून घेणारा माणूसही असतो. फक्त इथं कुणी घाबरून पळत नाही. उलट लोक त्याच्या हातून कपाळाला भंडारा लावून घेतात.

गोष्ट जवळपास तीच, मग एकीकडं भीती आणि दुसरीकडं भक्ती असं का? तेच समजून घेऊ.

आधी बघू, लांडगा-माणूस आला कुठून?

युरोपात ही समजूत फार जुनी आहे. इंग्रजीत 'वेअरवुल्फ' म्हणतात, त्यातला 'वेअर' म्हणजे जुन्या इंग्रजीत माणूस. लांडगा-माणूस, इतका सरळ अर्थ.

पण ही नुसती शेकोटीपुढं सांगायची गोष्ट नव्हती. 1589 साली जर्मनीत कोलोनजवळच्या बेडबुर्गमध्ये पीटर स्टुम्प नावाच्या शेतकऱ्याला हालहाल करून मारलं. त्याच्यावर आरोप होता की सैतानाने दिलेला पट्टा कमरेला बांधून तो लांडगा होतो आणि माणसं खातो. त्या काळात चेटकिणी ठरवून बायका जाळल्या, तसे लांडगे ठरवून काही माणसंही मारली गेली. म्हणजे तिथल्या समाजासाठी माणसाचा जनावर होणं म्हणजे देवाला सोडून सैतानाच्या बाजूला जाणं. भीतीचं मूळ तिथं आहे.

पौर्णिमेचा नियम मात्र पक्का केला तो सिनेमाने. स्टुम्पच्या कहाणीत चंद्र नाही, पट्टा आहे. 1935 च्या 'वेअरवुल्फ ऑफ लंडन'मध्ये पौर्णिमा आली. 1941 साली युनिव्हर्सल स्टुडिओचा 'द वुल्फ मॅन' आला, तो लिहिणाऱ्या कर्ट सिओडमाकने चांदीने लांडगा-माणूस मरतो हे लोकांच्या डोक्यात घट्ट बसवलं. आज जगभर जे 'प्राचीन नियम' म्हणून सांगतात, त्यातले बरेचसे शंभर वर्षांच्या आतले आहेत.

कमी बजेटवाल्यांना हे भूत का आवडतं?

साधं कारण आहे. लांडगा-माणूस बहुतेक वेळ माणूसच असतो. सिनेमाच्या मोठ्या भागात नेहमीचा नट नेहमीच्या कपड्यांत फिरतो. मेकअप लागतो तो चारदोन सीनपुरता. ना राजवाडा लागतो, ना सैन्य. एक जुनं घर, थोडं धूर सोडायचं यंत्र आणि लांबून येणारा केकाटण्याचा आवाज, झालं काम. आवाजाला पैसे लागत नाहीत आणि न दिसणारं जनावर दिसणाऱ्या जनावरापेक्षा जास्त घाबरवतं.

खर्च येतो तो एकाच जागी, माणूस बदलताना. 1941 मध्ये जॅक पिअर्स नावाच्या मेकअपमनने लॉन चेनी ज्युनिअरच्या तोंडावर याकचे केस चिकटवले होते. 1981 मध्ये 'अॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'मध्ये रिक बेकरने लख्ख उजेडात हाडं लांबताना, पाठ वाकताना दाखवली. त्या वर्षीपासून ऑस्करमध्ये मेकअपचा स्वतंत्र पुरस्कार नियमित सुरू झाला आणि पहिला त्यालाच मिळाला.

तो सिनेमा केला होता जॉन लँडिस या दिग्दर्शकाने. पुढं मायकल जॅक्सनने त्याच दिग्दर्शकाला आणि त्याच मेकअपमनला बोलावलं आणि 1983 च्या डिसेंबरात 'थ्रिलर'चा व्हिडिओ आला. त्यात पौर्णिमेच्या चांदण्यात मायकल जॅक्सन पिवळ्या डोळ्यांचा केसाळ प्राणी होतो. गाणं आणि पशुमानव यांची जोडी त्या व्हिडिओने घराघरांत पोचवली. 'मॉन्स्टर डॉग' त्यानंतरच्याच वर्षीचा.

कमी पैशांत घाबरवायची कला महाराष्ट्राला नवीन नाही. रामसे बंधूंनी 1972 चा 'दो गज जमीन के नीचे' महाबळेश्वरला केला. एका बसमध्ये सगळं युनिट भरून नेलं, सरकारी विश्रामगृहात मुक्काम ठोकला आणि सेट उभारण्याऐवजी तिथल्याच जागा वापरल्या. लेखन, कॅमेरा, आवाज, दिग्दर्शन, सगळं भावाभावांनी वाटून घेतलं होतं. साडेतीन लाखांत सिनेमा झाला असं सांगितलं जातं.

पण आपल्याकडं लांडगा का चालला नाही?

रामसेंच्या पडद्यावर चेटूक आलं, पिशाच आलं, तळघरातला राक्षस आला. लांडगा-माणूस मात्र हिंदी सिनेमात रुजला नाही. 1992 मध्ये महेश भट्ट यांनी 'जुनून' केला. 'अमेरिकन वेअरवुल्फ'ची छाया त्यावर स्पष्ट दिसते. पौर्णिमा आहे, शाप आहे, शरीर बदलण्याचा सीन आहे. पण त्यात राहुल रॉय लांडगा होत नाही, वाघ होतो. खराखुरा लांडगा-माणूस मोठ्या पडद्यावर गाजायला 2022 चा 'भेडिया' यावा लागला आणि तोही अरुणाचल प्रदेशच्या जंगलात घडतो.

मराठीत तर हा प्रकार जवळपास नाहीच. त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं, आपली भुतं मेलेल्या माणसांची असतात. मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ. इच्छा राहिली म्हणून अडकला तो समंध. प्रत्येक भुतामागं एक अपुरं आयुष्य असतं, म्हणून त्याची समजूत काढता येते, त्याला नारळ देता येतो. 2024 चा 'मुंज्या' चालला तो याच ओळखीवर. लांडगा-माणूस जिवंत असतो. त्याचं काही अपुरं राहिलेलं नसतं. त्याला नारळ देऊन उपयोग काय?

दुसरं कारण चंद्राचं. आपल्याकडं भीतीची रात्र म्हणजे अवस. पोरांना बाहेर सोडत नाहीत, प्रवासाला निघत नाहीत ते अमावास्येला. 'अवस-पुनव' असं जोडीने म्हणतात आणि अंगात येणं दोन्हीकडं मानतात हे खरं, पण पुनव मुख्यतः देवाची. कोजागरी, दत्तजयंती, हनुमान जयंती, गावोगावच्या जत्रा, सगळं पुनवेला. वीज नव्हती त्या काळात शेकडो कोस चालत येणाऱ्या यात्रेकरूंना पुनवेचा उजेड हाच दिवा होता. त्या चंद्राला घाबरणार कोण?

एक मूर्ती, दोन गावं

नळदुर्ग म्हटलं की लोकांना आठवतो तो किल्ला आणि बोरी नदीवरचा पाणी महाल. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, 1613 च्या सुमारास तो बांधला गेला. पावसाळ्यात वरून नर-मादी धबधबे कोसळतात आणि आतल्या महालात माणूस कोरडा राहतो. रील्समध्ये हा धबधबा बहुतेकांनी पाहिलेला असतो.

त्याच बोरी नदीच्या काठावर मैलारपूरचं खंडोबा मंदिर आहे. कर्नाटकात खंडोबाला मैलार म्हणतात, त्यावरून मैलारपूर. इथली गंमत अशी की देव एक आणि घरं दोन. खंडोबाची एकच मूर्ती वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला असते आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. देव न्यायचा आणि परत आणायचा तर दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये तसा लेखी करार होतो. देव नळदुर्गला असताना पौष पौर्णिमा येते आणि तेव्हा लाखो माणसं जमतात. महाराष्ट्रातली येतात, सीमेपलीकडच्या कर्नाटकातलीही येतात.

खंडोबा हा सगळ्यांना सामावून घेणारा देव. पहिली बायको म्हाळसा लिंगायत वाण्याची, दुसरी बाणाई धनगराची. काही मुसलमान भक्त त्याला मल्लूखान म्हणतात. घोड्यावर बसून हातात खड्ग घेऊन मणी-मल्ल दैत्यांना मारणारा हा देव, आणि त्याच्या घोड्याबरोबर कायम धावणारा एक प्राणी म्हणजे कुत्रा. 'जय मल्हार' मालिका पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. चंपाषष्ठीला घरोघरी भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो, त्यातला घास कुत्र्याला घालायची पद्धत याच नात्यातून आली.

वाघ्या म्हणजे वाघ की कुत्रा?

दोन्ही. आणि सगळी गोष्ट याच उत्तरात आहे.

वाघ्या म्हणजे खंडोबाला वाहिलेला पुरुष. मूल होत नाही, आजार हटत नाही, म्हणून आईबाप नवस बोलतात आणि झालेला मुलगा देवाच्या नावाने सोडतात. कुणी मोठेपणी स्वतःहून वाघ्या होतं. अमुक जातीचाच हवा असं बंधन नाही. गुरुवाघ्या नव्या वाघ्याला भंडारा लावतो आणि त्याच्या गळ्यात भंडाऱ्याची पिशवी अडकवतो. ही पिशवी पूर्वी वाघाच्या कातड्याची असे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर तसं कातडं बाळगणं हा गुन्हा झाला, पण नाव वाघ्याच राहिलं. घरापुरता कुळाचार सांभाळतो तो घरवाघ्या आणि कोटंबा घेऊन दारोदार वारी मागतो तो दारवाघ्या.

नावामागं एक आख्यायिका सांगतात. एक वाघ खंडोबासमोर आला, देवाची नजर पडली आणि त्या वाघाचा माणूस झाला. तोच पहिला वाघ्या.

नीट लक्ष द्या. हॉलिवूडच्या गोष्टीत माणसाचा पशू होतो. इथं पशूचा माणूस झालाय. दिशाच उलटी आहे.

आणि हा वाघ देवापुढं आला की कुत्रा होतो. वाघ्यांच्या जुन्या विधींमध्ये कोटंब्यात दूध किंवा अन्न घालतात आणि वाघे गुडघ्यांवर बसून, भुंकत, एकमेकांवर गुरगुरत ते तोंडाने खातात. कर्नाटकातले मैलाराचे गोरवय्याही असंच करतात. त्यांच्या डोक्यावर अस्वलाच्या केसांची टोपी असते. मराठी अभ्यासक रा. चिं. ढेरे यांनी 'खंडोबा' या पुस्तकात हा देव उलगडला. जर्मनीहून आलेले गुंथर सोन्थायमर धनगरांबरोबर फिरले, त्यांनी या परंपरेची आयुष्यभर नोंद ठेवली. अरुण कोलटकरांच्या 1976 च्या इंग्रजी 'जेजुरी'तही वाघ्या आणि मुरळी आहेत.

'कुत्रा' ही मराठीत शिवी आहे. भर मंडपात माणूस आपणहून ती शिवी अंगावर घेतो, कारण मालक देव आहे. गावचा पाटील असो की सावकार, मंडपात प्रत्येकजण त्या मालकाच्या दारातला. राखण करणं आणि मालकाला न सोडणं, कुत्र्याचे हे दोन गुण वाघ्या घेतो.

जागरण: बँड नव्हे, पार्टी

आता रॉक बँडचा मुद्दा. वाघ्या-मुरळीच्या संचाला गावात बँड म्हणत नाहीत, 'पार्टी' म्हणतात. लग्नानंतर किंवा नवस फेडायला 'जागरणाची पार्टी' ठरवतात. डिमडी, तुणतुणं, खंजिरी, मुरळीच्या हातातली घोळ म्हणजे छोटी घंटा, एवढ्यावर रात्र निघते. हल्ली माइक आणि कीबोर्डही आलेत, पार्ट्यांचे यूट्यूब चॅनल आहेत आणि चांगल्या पार्टीच्या तारखा लग्नसराईत लवकर मिळत नाहीत.

रात्रीचा क्रम ठरलेला. उसाची नाहीतर ज्वारीची पाच ताटं उभी करून मांडव करतात. खाली धान्याचा चौक भरतात, त्यावर कलश ठेवतात, दिवटी पेटवतात. मग सगळ्या देवांना त्यांच्या गावाच्या नावाने आमंत्रण जातं. तुळजापूरची भवानी, पंढरीचा विठोबा, जेजुरीचा, पालीचा, नळदुर्गचा खंडोबा. मग आख्यानं, बाणाईचं लग्न, म्हाळसेचा रुसवा, मध्येच टिंगलटवाळी आणि कोट्या. पेंगणाऱ्याला उठवायला एखादी चावट लावणीच्या ढंगाची चाल. ढोबळमानाने अर्धी रात्र हसण्यात जाते, उरलेली देवाच्या कथेत.

शेवटाकडं काही ठिकाणी लंगर तोडतात. लंगर म्हणजे लोखंडी साखळी. वाघ्या ती एका हिसक्यात तोडतो. मालकाचा कुत्रा साखळी तोडतो, पण पळून जात नाही. देवापुढंच उभा राहतो. मग तळी उचलतात, भंडारा उधळतात, येळकोट होतो आणि उजाडतं. सकाळी तोच वाघ्या चहा पितो, बिदागी मोजून घेतो, वाद्यं गाडीत टाकतो आणि पुढच्या गावाला निघतो.

मग फरक कशाचा?

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा.

सिनेमातल्या माणसाची मर्जी कुणी विचारत नाही. त्याला चावा बसतो, शाप लागतो, किंवा 'मॉन्स्टर डॉग'सारखा बापाकडून वारसा येतो. त्या सिनेमात रॉकस्टारच्या बापालाही गावकऱ्यांनी लांडगा ठरवून मारलेलं असतं. बदल एकटेपणात होतो, सकाळी काही आठवत नाही आणि शेवट गोळीने होतो.

जागरणात बदलाची वेळ ठरलेली आहे, जागा ठरलेली आहे, भोवती माणसं आहेत, ताल आहे, गुरू आहे आणि परत यायची वाट आहे. माणसाच्या आत एक जनावर आहे हे दोन्ही समाजांनी ओळखलं. एकाने त्याला गावाबाहेर हाकललं, म्हणून ते रात्री खिडकीवर नखं घासत परत येतं. दुसऱ्याने त्याला अंगणात बोलावलं, त्याच्यापुढं कोटंबा ठेवला आणि मालक नेमून दिला.

पण या गोष्टीतही एक काळोख आहे

सगळं गोड आहे असं समजायचं कारण नाही. वाघ्यासाठी परतीची वाट होती, मुरळीसाठी नव्हती.

मुरळी म्हणजे खंडोबाला वाहिलेली मुलगी. नवसापोटी लहान वयात तिचं देवाशी लग्न लावायचे. वाघ्या झालेला पुरुष संसार करू शकत होता. मुरळीला माणसाशी लग्न करायची मुभा नव्हती. देवाची बायको म्हणून भर मंडपात मान मिळायचा आणि मंडपाबाहेर तिच्या गरिबीचा, एकटेपणाचा फायदा घेणारे पुष्कळ असायचे. त्यातल्या बहुतेक मुली दलित आणि गरीब घरच्या.

याविरुद्ध आवाज उठला तो शंभर वर्षांपूर्वी. शिवराम जानबा कांबळे आणि विठ्ठल रामजी शिंदे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध मोहीम चालवली. मुंबई प्रांतात 1934 साली देवदासी संरक्षण कायदा झाला. धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळं तो कायदा इथल्या मुलींपर्यंत पोचलाच नाही. महाराष्ट्राने 2005 मध्ये देवदासी प्रथा बंद करणारा नवा कायदा केला. आज मुलगी देवाला वाहणं हा गुन्हा आहे. आता पार्टीत दिसणाऱ्या मुरळ्या सहसा कलाकार म्हणून गातात, नाचतात आणि संसारही करतात.

हॉरर सिनेमा करणाऱ्याने इथं थांबून विचार करावा. गावकऱ्यांनी भुंकणाऱ्या माणसाची भीती कधी बाळगली नाही. ज्या मुलीला कुणी विचारलंच नाही, तिची रात्र खरी भीतीदायक होती आणि तिथं ना पौर्णिमा लागत होती, ना मेकअप.

आणि खरा लांडगा कुठं आहे?

या सगळ्यात ज्याच्या नावाने सिनेमे निघाले तो बाजूलाच राहिला. धाराशिव-सोलापूरचा माळ हे भारतीय लांडग्याचं जुनं घर. मैलांमैल कुसळी गवत, काळवीट, ससे, धनगरांची मेंढरं आणि त्यांच्यामागं लांडगा. तो लहान चणीचा, बारीक केसांचा, मातीच्या रंगाचा. हॉलिवूडच्या काळ्याकुट्ट राक्षसाशी त्याचं काही साम्य नाही. पुनवेसाठी तो केकाटतही नाही. आपला कळप गोळा करायला, हद्द सांगायला केकाटतो, चंद्र असो वा नसो.

भारतात असे लांडगे उरलेत सुमारे तीन हजार. वन्यजीव कायद्यात त्याला वाघाइतकंच, पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे. पण वाघाला जंगल आहे आणि जंगलाला वाली आहे. 2024 च्या अखेरीस यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ धाराशिवच्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात दिसला, तेव्हा केवढी बातमी झाली. लांडग्याचं घर म्हणजे माळ, आणि माळाला सरकारी कागदावर बरेचदा 'पडीक' म्हणतात. पडीक जमिनीवर काहीही उभं करता येतं.

दुसरा धोका ऐकून हॉरर लिहिणारेही चमकतील. 2023 मध्ये शास्त्रज्ञांनी पुण्याजवळच्या गवताळ भागातल्या एका वेगळ्या रंगाच्या प्राण्याची जनुकं तपासली. तो लांडगा आणि कुत्रा यांचा संकर निघाला. भारतात अशा संकराचा जनुकीय पुरावा पहिल्यांदाच मिळाला. उघड्यावरचा कचरा वाढला, मोकाट कुत्री माळावर पोचली, लांडग्यांना जोडीदार मिळेनासे झाले की हे घडतं. रोगही कुत्र्यांकडून लांडग्यांकडं जातात. म्हणजे दोन जनावरांचं खरोखरचं एक शरीर महाराष्ट्राच्या माळावर सापडलं आणि त्यात धोका माणसाला नाही, लांडग्याला आहे. असंच चाललं तर शुद्ध लांडगा हळूहळू कुत्र्यात विरघळून जाईल.

ज्याची मेंढरं लांडगा नेतो त्या मेंढपाळाचं नुकसान खरं असतं. म्हणून एक कामाची गोष्ट लक्षात ठेवा. लांडग्याने जनावर मारलं तर वनविभागाकडून भरपाई मिळते. त्यासाठी मेलेलं जनावर जागेवरून न हलवता लगेच वनखात्याला कळवावं आणि पंचनामा करून घ्यावा. आणि 'लांडगा आला रे आला' म्हणत एखादा जुना, दुसऱ्याच राज्यातला व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकण्याआधी दोनदा बघावा. अशा व्हिडिओनंतर लोक काठ्या घेऊन बाहेर पडतात आणि मग तरसही मरतो, कोल्हाही मरतो.

मराठीत असा सिनेमा होईल का?

व्हायला हरकत काहीच नाही. माळ आहे, किल्ला आहे, धबधबा आहे, पुनव आहे आणि रात्रभर वाजवणारी पार्टी आहे. रामसेंनी एका बसमध्ये युनिट नेलं होतं, इथं पार्टीची स्वतःची गाडी असतेच. फक्त स्पेनमधला रानटी कुत्रा उचलून नळदुर्गला आणून बांधला, तर इथला प्रेक्षक हसेल. त्याने भुंकणारा माणूस लहानपणापासून पाहिलाय आणि त्याच्या हातून भंडारा लावून घेतलाय.

पौष पुनवेच्या दुसऱ्या दिवशी मैलारपूरची गर्दी पांगते. बोरीच्या काठावर पिवळा भंडारा सांडलेला असतो, पार्ट्यांच्या गाड्या हायवेला लागतात. देव अजून काही दिवस नळदुर्गला राहतो आणि मग ठरल्या करारानं रात्रीची पालखी अणदूरला निघते. वाटेवरच्या वस्त्यांमधली कुत्री पालखी जाताना भुंकतात. त्यांना कुणी हाकलत नाही.